अक्काची साक्ष

अक्का, परवा पॉलिटेक्निकच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. प्राचार्य तुला निर्भीड म्हणाले. तुझ्या खात्यातल्या एक मॅडम म्हणाल्या, बाईंना भीती हा शब्दच माहीत नव्हता. मी मागच्या रांगेत बसलो होतो. उठावं आणि सांगावं असं फार वाटलं, की हे खोटं आहे. तू घाबरली होतीस. आठ महिने घाबरली होतीस. त्या आठ महिन्यांत तुझं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. राजारामपुरीतल्या तुझ्या खोलीचं दार वाजलं की तू आधी खिडकीच्या फटीतून बघायचीस, दूधवाला आहे की वकिलाचा माणूस.

पण मी उठलो नाही. न उठण्याची मला सवय आहे. ती कधीपासूनची, ते तुला सांगायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसलोय.

लोकांना फक्त शेवट माहीत आहे. सुमंगलाबाईंनी स्वतःचे पैसे अडकलेल्या कंपनीच्या विरोधात साक्ष दिली, एवढंच. आपण त्यात अडकलो कसे, हे कुणी विचारत नाही.

उदयला माझ्या दुकानात पहिल्यांदा तूच घेऊन आलीस. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. उद्यमनगरात माझं मोटर-पार्टचं दुकान पाच-सहा वर्षांनी कुठं जम धरत होतं. तू काउंटरवर पिशवी ठेवलीस आणि म्हणालीस, "बसू, हा माझा उदय. माझ्या वर्गातला. मोटरची पेटी केलीया त्यानं. बघ तरी."

मी बघितली. आपल्याकडं शेतातली वीज कधी येईल याचा नेम नाही, म्हणून शेतकरी मोटर आपोआप सुरू होईल अशी सोय करून घरी जातो. विहिरीतलं पाणी संपलं तरी मोटर कोरडी फिरत राहते आणि जळते. जुन्या पेट्यांना पाण्यात तारा सोडाव्या लागत, त्या गाळानं बंद पडत. उदयच्या पेटीला पाण्यातली तारच नव्हती. पाणी संपलं की मोटरवरचा भार उतरतो, ती करंट कमी ओढते. पेटी तेवढं ओळखायची आणि मोटर बंद करायची. माहितीपत्रकावर त्यानं ठळक छापलं होतं : विहिरीला विचारू नका, मोटरला विचारा.

ते वाचून तू खुदकन हसलीस. "माझं वाक्य उचललं बघ गड्यानं!" वर्गात ते तूच सांगायचीस. उदय लाजला आणि तुझ्या पाया पडला. तुला त्या दिवशी किती अभिमान वाटला होता, आणि पुढं त्याच हसण्याची किती लाज वाटली!

उदयला कारखाना काढायचा होता. बँक अर्धे पैसे देणार होती, अर्धे ओळखीच्या माणसांनी घालायचे होते. तू स्वतःच्या घरासाठी साठवलेले घातलेस. मी दुकानाचा गाळा विकत घ्यायला ठेवलेले घातले. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. उलट तू म्हणालीस, "तुला बायकापोरं हायत, तू नीट इचार कर." मीच म्हणालो, "अक्का, तू घालतीस म्हंजे झालं की." पुढं भांडताना हे वाक्य मी कधीच आठवू दिलं नाही, तुलाही आणि मलाही.

शिरोलीच्या एमआयडीसीत शेड उभी राहिली. पेट्या खपायला लागल्या. शिरोळकडचे शेतकरी एकेका वेळी चार-चार न्यायचे. काही वर्षांनी पेटंट मिळालं. उदयनं ते काचेच्या चौकटीत घालून केबिनमध्ये लावलं, पेढे वाटले, आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं की आता आपली पेटी कुणी करू शकत नाही, आपल्या शेअरची किंमत आता या कागदात आहे. आपण टाळ्या वाजवल्या.

वर्षभरात शिरोळकडच्या एका कारखानदारानं तसलीच पेटी काढली, निम्म्या किमतीला. उदयनं दावा लावला. तो कारखानदारही खमक्या होता. त्यानं उलटा दावा लावला की हे पेटंटच रद्द करा, यात नवीन काही नाही. प्रकरण मुंबईला हायकोर्टात गेलं.

आणि तिथून दारं बंद होत गेली. शेअर विकायचे तर संचालकांची परवानगी लागायची, आणि खटला चालू असताना घेणार तरी कोण? नफा होत होता तो वकिलांच्या घशात जात होता. मी उदयच्या पेटीचा विक्रेता, त्यामुळं गिऱ्हाईक स्वस्तातली पेटी मागायला आलं तरी मला त्याला रिकाम्या हातानं परत पाठवावं लागायचं. गाळ्याचा मालक दर दिवाळीला विचारायचा, "काय शेठ, घेताय न्हवं?" मी म्हणायचो, एवढा निकाल लागू द्या. एवढा निकाल लागू दे, हे वाक्य आपल्या घरात इतकी वर्षं राहिलं की माझी धाकटी कॉलेजला गेली तरी ते चालूच होतं.

मग एका दुपारी शिरोळच्या कारखानदाराचा वकील तुझ्या दारात आला.

तो कोडोलीहून आला होता. तिथं दत्तू मिस्त्री म्हणून जळक्या मोटरींना नवी तार गुंडाळणारा एक माणूस. त्याचं म्हणणं, की अशी पेटी मी उदयच्या कितीतरी आधी केली, गावातल्या सात-आठ विहिरींवर बसवली. पण कागद नाही, तारीख नाही, पेट्या कधीच भंगारात गेलेल्या. एकट्या मिस्त्रीच्या शब्दावर कोर्ट पेटंट रद्द करणार नाही, हे वकिलाला कळत होतं. त्यानं विचारलं, तुझी पेटी शिकलेल्या कुणी बघितली का? मिस्त्री म्हणाला, "पॉलिटेक्निकच्या बाईंनी बघितल्या की."

त्या संध्याकाळी तू मला बोलावून घेतलंस. चहा ठेवलास आणि तो ओतायचा विसरलीस. मग सांगितलंस. मोटर दुरुस्तीचं शिबिर घ्यायला तू कोडोलीला गेली होतीस, तेव्हा मिस्त्रीनं तुला विहिरीवर नेऊन तुपाच्या डब्यात बसवलेली ती पेटी दाखवली होती. तू परत येऊन वर्गात शिकवलीस. 'एका मिस्त्रीनं केलंय,' एवढंच सांगितलंस, नाव सांगितलं नाहीस. आणि त्या वर्गात उदय होता.

"त्यानं चोरली?" मी विचारलं.

"न्हाय रे. त्याला आठवतबी नसंल. पोरांच्या डोक्यात आपण टाकतो, आणि वर्षांनी ते त्यांचंच होऊन उगवतं. चूक माझी हाय. नाव सांगायला मला काय झालं हुतं? मिस्त्री म्हटलं की भागलं, असं वाटलं मला. पोराचं यश बघून बी मिस्त्री आठवला न्हाय."

मी तुला काय सांगितलं ते शब्दाला शब्द आठवतंय. "अक्का, दोन शब्दांचं काम हाय. आठवत न्हाय. एवढंच म्हण. त्यात खोटं काय? एवढ्या वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतंय?"

"मला आठवतंय की," तू म्हणालीस. "त्या डब्याला झाकण नव्हतं ते बी आठवतंय."

त्यानंतरचे ते आठ महिने. तू लगेच साक्षीला उभी राहिलीस असं लोकांना वाटतं. तू तर पळायची एकेक वाट शोधत होतीस. उदयकडं गेलीस. त्याला सगळं सांगितलंस आणि म्हणालीस, तडजोड कर, दावा काढून घे. तो रडला, पण म्हणाला, "बाई, बँकेला काय सांगू? आता मागं फिरलो तर शेडसकट बुडतो." मग तू म्हणालीस, माझे शेअर फुकट घे, कुणाच्याही नावावर कर, मला यातून मोकळी कर. त्यावर तो म्हणाला, बाई बाहेर पडल्या हे कळलं तर बाकीचे उद्या माझ्या दारात येतील. तू शिरोळवाल्यांच्या वकिलाला सांगून बघितलंस की माझी तब्येत बरी नसते. तो नम्रपणे म्हणाला, कोर्ट कमिशनर नेमेल, तो कोल्हापुरात येऊन साक्ष घेईल. तू गडहिंग्लजला मामांकडं पंधरा दिवस जाऊन राहिलीस. समन्स तिथं आलं.

त्या दिवसांत आपलं भांडण झालं. मी तुझ्या खोलीत उभा राहून ओरडलो, "तुला काय जातंय? तुला ना पोर ना बाळ. गाळा माझा जातोय!" तू पिशवी खांद्याला लावलीस. मग शांतपणे विचारलंस, "बसू, मी कोर्टात आठवत न्हाय म्हणाले, आणि सोमवारी वर्गात गेले. मग काय शिकवू?" मी म्हणालो, "तेच शिकीव जे रोज शिकवतीस. पोरांना काय कळतंय." खोलीला एकच दार होतं आणि मी त्यात उभा होतो. तुला बाहेर जायचं होतं, माझ्या नंतर लक्षात आलं.

साक्ष शाहूपुरीतल्या एका वकिलाच्या ऑफिसात झाली, भर दुपारी. लांब टेबल होतं. एका टोकाला कमिशनर आणि टाइप करणारा माणूस, एका बाजूला शिरोळचे, एका बाजूला उदय, त्याचे वकील आणि आम्ही तीन-चार भागधारक. मी उदयच्या बाजूला बसलो होतो. तू आत आलीस, तुझी ती करड्या काठांची साडी, हातात पाण्याची बाटली. तू एकदा माझ्याकडं बघितलंस आणि खुर्ची ओढलीस. तुझा आवाज पहिल्या दोन उत्तरांत इतका खाली गेला की कमिशनर म्हणाले, बाई, जरा मोठ्यानं.

मग तू मोठ्यानं सांगितलंस. कोडोलीचे दत्तू मिस्त्री. विहीर कुठली, डबा कसला, आत काय काय जोडलं होतं, भार कमी झाल्यावर रिले, म्हणजे मोटर बंद करणारा खटका, कसा पडायचा. वर्गात जशी सांगायचीस तशी. टाइप करणारा माणूस मान वर करून ऐकायला लागला होता.

उदयच्या वकिलानं उलटतपासणी घेतली. तुम्हाला मधुमेह आहे ना? विद्यार्थ्याच्या यशाचा राग आला का? समोरच्या पक्षानं काय दिलं? तू एकेकाला उत्तर दिलंस. "मी या कंपनीची भागधारक हाय. आज मी जे बोलते त्यात माझंच जातंय," म्हणालीस. मग त्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे ते मिस्त्री आणि तुम्ही. तुम्ही दोघं सोडून ही गोष्ट सांगणारा तिसरा माणूस जगात नाही. बरोबर?"

तू बाटली जवळ ओढलीस. बाटलीचं झाकण उघडलंस, परत लावलंस. कमिशनर म्हणाले, उत्तर द्या.

तू म्हणालीस, "माझ्याबरोबर यायला तिसरं कुणी नाही."

टाइप करणाऱ्यानं तसंच टाइप केलं.

अक्का, तिसरा माणूस त्या टेबलावर बसला होता. मी. दत्तू मिस्त्री त्या डब्यातला रिले माझ्याच दुकानातून घेऊन गेला होता. काउंटरच्या काचेवर बोटानं आकृती काढून त्यानं मला समजावलं होतं, की पाणी संपल्यावर मोटर हलकी होती आणि मग हा पडतो. मी त्याला म्हणालो होतो, "मिस्त्री, डोकं हाय तुमाला." पुढं उदयची पेटी तू काउंटरवर ठेवलीस तेव्हा उघडल्या उघडल्या मला काचेवरचं ते बोट आठवलं होतं. मी बोललो नाही. कारण पेटी खपणारी होती. आणि तुला 'दोन शब्दांचं काम हाय' म्हणून सांगताना मी ते दोन शब्द स्वतः कधीचे म्हणत होतो.

त्या दिवशी मी नुसता हात वर केला असता तरी पुरलं असतं. तुला मधुमेहावरून, रागावरून बोलणी खावी लागली नसती. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत बसलो.

पुढचं तू पाहिलंसच. उदयच्या वकिलांनी हात टेकले. दावा मागं घेतला गेला, पेटंट रद्द झालं. शेडवर बँकेचा पहिला हक्क, तिनं ती विकली. आपल्या हातात शेअरचे कागद राहिले. माझा गाळा दुसऱ्यानं घेतला, मी मागच्या बोळात गेलो. दोन वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. तू दिवाळीला डबा पाठवायचीस, आम्ही डबा धुऊन परत पाठवायचो, रिकामा.

एक भांडण मात्र अजून माझ्या बाजूनं मिटलेलं नाही. तुझ्या खरं बोलण्याचा फायदा कुणाला झाला? शिरोळच्या त्या नक्कल करणाऱ्याला. तो आता मोठ्या गाडीतून फिरतो. मिस्त्रीला एक रुपया मिळाला नाही. उदय पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली नोकरी करतो. हे मी तुला एकदा ऐकवलं होतं. तू म्हणालीस, "व्हय, ते चुकीचंच झालं. पण मी न बोलून ते बरोबर झालं असतं काय?" मी चप्पल घालून निघालो.

मग तुझ्या किडन्या गेल्या, आणि आठवड्यातून दोनदा तुला डायलिसिसला न्यायला मी यायला लागलो. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मी रिक्षा आणायचो, तू जिना उतरायचीस. चार-चार तास तू त्या खुर्चीत, हाताला नळ्या, शेजारी स्टुलावर मी. एकदा तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बसू, आता मी कुठं पळणार हाय? काय बोलायचं असंल ते बोल की."

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. नर्स आली, मशीनचं बटण दाबून गेली. मी म्हणालो, "तांब्याचा भाव लई वाढलाय, अक्का. वायंडिंगची तार परवडंना झाल्या."

"व्हय," तू म्हणालीस. "वाढणारच."

तीन आठवड्यांनी तू गेलीस. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं तुला मातीत बसवलं. उदय पुण्याहून आला होता. त्यानं मूठभर माती टाकली आणि मला म्हणाला, "बाईंनी साक्षीआधी मला घरी येऊन सांगितलं होतं. दुसरं कुणी सांगितलं नसतं." त्याच्या चेहऱ्यावर तुझ्याबद्दल राग नव्हता, आणि ते बघून मला तिथं उभं राहवेना.

म्हणून काल कोडोलीला गेलो. दत्तू मिस्त्रीला तुझं कळलं नसेल असं वाटलं. बसस्टँडजवळच्या गल्लीत अजून त्याचं दुकान आहे. दारात जळक्या मोटरी, शेजारी चहाची टपरी, बाकावर चार माणसं. मिस्त्री थकलाय. आयुष्यभर मोटरींच्या आवाजात राहून कान पार गेलेत. मी सांगितलं, बाई गेल्या. त्याला ऐकू आलं नाही. परत ओरडून सांगितलं. त्यानं हातातलं वायंडिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझं नाव घेतलं बाईंनी. कोरटात. माझ्या पोरांनी बी कधी घेतलं नव्हतं."

मी त्याच्याजवळ वाकून हळूच म्हणालो, "मिस्त्री, मलाबी म्हाईत हुतं. तुमी रिले माझ्याकडनं न्हेला हुता."

"काय?"

"मलाबी म्हाईत हुतं!"

"आवो पावणं, मोठ्यानं बोला की."

मी ओरडलो, अक्का. भर गल्लीत, टपरीवरची माणसं वळून बघत असताना, मी ओरडून सांगितलं की त्या पेटीचं मला सगळं माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

मिस्त्रीला ऐकू आलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "ते व्हय," तो म्हणाला. "बाईस्नी म्हाईत हुतं की. डबा दावला तवाच मी सांगिटलं हुतं, रिले तुमच्या भावाकडचा हाय. लई खूश झाल्या हुत्या."

टपरीवाल्यानं मला बसायला बाक मोकळा केला. मी बसलो. तुला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या ओरडण्याआधी, त्या टेबलाआधी, स्टुलावरच्या त्या चार-चार तासांआधी. एवढ्या वर्षांत तू एकदाही म्हणाली नाहीस, की बसू, तू पण चल. टेबलावरही तू 'तिसरं कुणी नाही' म्हणाली नव्हतीस, 'यायला कुणी नाही' म्हणाली होतीस. डायलिसिसच्या खुर्चीतून तू मला एक वाट काढून देत होतीस, आणि मी तुला तांब्याचा भाव सांगितला.

मिस्त्रीनं चहा सांगितला. "आता कुणाला सांगायचंय तुमाला, पावणं?" त्यानं विचारलं. "खटला संपला, बाई गेल्या."

मी चहा प्यायलो, एसटीनं घरी आलो, आणि वही काढून पहिल्या ओळीत तुला हाक मारली.